साडेनऊ गाण्यांचा लाल

सोमवार, ४

लग्नाला चौदा महिने झाले आणि आज पहिल्यांदा सासऱ्यांनी मला दुकानातलं खरं काम सांगितलं. एवढ्या मोठ्या घटनेला कोरं पान हवं, म्हणून बिलबुकांच्या ढिगातून ही वही मी ढापली आहे. नवरा म्हणाला, "आता यादीबाई डायरीपण लिहिणार." लग्नाआधी मी एका शाळेच्या वाचनालयात पुस्तकांच्या याद्या करायचे, म्हणून हे नाव. म्हणू दे.

आमचं दुकान कपडे रंगवायचं. पुढे काउंटरवर सासूबाई, मागे दोन मोठ्या कढया आणि बाबा, अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या, वर आम्ही राहतो. नवरा गाडीने माल आणतो आणि पोचवतो. मी घड्या घालते. कढईजवळ मला बंदी आहे, आणि ती मीच ओढवून घेतलेली. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात उत्साहाच्या भरात मी रंगाचे सगळे डबे गडद ते फिकट असे ओळीत लावले आणि प्रत्येकावर सुवाच्य चिठ्ठी चिकटवली. बाबांचा चढलेला आवाज मी तेव्हा एकदाच ऐकला. डबे होते तिथे परत गेले. चिठ्ठ्या अजून आहेत, पण बाबा त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. डबा उघडून वास घेतात आणि मगच चमचा बुडवतात. हट्टी माणूस.

तर काम असं. नाट्यगृहाचा नवा पडदा रंगवायला आमच्याकडे आलाय. चोवीस लांब पट्टे, नंतर एकत्र शिवायचे, सगळे एकाच गडद लाल रंगात. तिथले व्यवस्थापक स्वतः येऊन बजावून गेले की दिव्यांखाली एक जरी पट्टा वेगळा दिसला तर पडदा घेणार नाही. जमलं तर त्यांचं वर्षभराचं कपडेपटाचं काम आमचं. नाही जमलं तर महिनाअखेरीला दुकान बंद आणि नवऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी. तो तिथे बोलूनही आलाय. पडदा द्यायची तारीख बावीस.

बाबांना कढईवर गाणी लागतात. गाण्यांशिवाय काठी हलवत नाहीत, शौकीन आहेत. पण त्यांचा जुना फोन गाण्याच्या मध्येच मान टाकायला लागलाय, म्हणून नवऱ्याने नवा आणला. बाबांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "गाणी या नव्यात घाल. जशी आहेत तशी."

मला. नवऱ्याला नाही, मला. एकदा हे नीट केलं की कढईपाशी उभं राहायला मिळेल, असं माझ्या मनाने घेतलंय.

मंगळवार, ५

जुना फोन म्हणजे गाण्यांचं गोदाम आहे आणि गोदामाला फडताळ नाही. तीनशे सतरा फायली, एकाच फोल्डरमध्ये. नावं बघा: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, नवीन ट्रॅक, नवीन ट्रॅक दोन, नवीन ट्रॅक दोनची प्रत. कलाकार अज्ञात, अल्बम अज्ञात. नवऱ्याने कॉलेजात असताना बाबांच्या कॅसेटींवरून भरलेली; त्या कॅसेटी केव्हाच बुरशीने गेल्या. फोनपासून फोनला पाठवायला गेले तर दोनदा नव्वद टक्क्यांवर अडकलं. मग जुन्याचं मेमरी कार्ड काढलं, नव्यात ते बसेना, मग शेजारच्या फोटोवाल्याकडून कार्ड वाचायचं यंत्र उसनं आणलं. संध्याकाळी चारला शेवटची फाइल नव्या फोनमध्ये उतरली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

काम झालं. पण असं पोतं ओतल्यासारखं हातात द्यायचं? माझ्या बोटांना खाज सुटली आहे.

गुरुवार, ७

दोन दिवस जेवणखाण विसरून बसले होते. काय काय सापडलं! पत्राची वाट बघणाऱ्या बाईचं एक गाणं लागोपाठ तीनदा. नावेचं गाणं दोनदा. मध्येच एक बाई खळखळून हसते, ते गाणं चारदा. घोड्यांच्या टापांचं गाणं बरोबर अर्ध्यात तोडलेलं. आणि कळस म्हणजे, काही फायलींत गाणंच नाही, चार-चार मिनिटं नुसती खरखर. कॅसेट संपल्यावर नवऱ्याने बटण बंद केलं नसणार, आळशी कुठला.

दुहेरी फायली शोधून काढणारं एक ॲप मिळालं. त्याने त्रेसष्ट काढल्या. खरखर काढली. अर्धी गाणी फेकून त्यांच्या जागी चांगली, पूर्ण, स्वच्छ आवाजातली इंटरनेटवरून आणून घातली. मग प्रत्येक फाइलला नाव दिलं, गायक-गायिकांप्रमाणे फोल्डर केले, प्रत्येकाला चित्र लावलं. दोनशे पन्नासच्या आसपास गाणी, आणि सगळी ओळीने उभी, शाळेच्या प्रार्थनेला उभी असतात तशी.

नवरा म्हणाला की तीनदा-चारदा भरायला बहुतेक बाबांनीच सांगितलं होतं, त्यांना एकदा विचार. मी म्हटलं, विचारलं तर गंमत काय राहिली? खरं सांगायचं तर मनात थोडी पाल चुकचुकली. पण इतकं देखणं झालंय की तिला हाकलून दिली.

शुक्रवार, ८

फोन बाबांना दिला. सगळे जमले होते. बाबांनी तो दोन्ही हातांत धरून अंगठ्याने काच चाचपली. चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सुरू करायचं बटण कुठे?" म्हाताऱ्या माणसांचं हे असंच. मी कापडी पट्टीचा एक तुकडा बटणाच्या जागेच्या अगदी बाजूला चिकटवून दिला, तो मात्र त्यांना फार आवडला. वरचं पहिलं गाणं लागलं, पत्राची वाट बघणाऱ्या बाईचं. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला रडूच आलं.

जुना फोन मी कार्डासकट पुसून कोरा केला आणि मोबाइलवाल्याला परत दिला, तसा सौदाच ठरला होता.

सासूबाई बोलायला लागल्या की थांबत नाहीत. दिवसभर त्यांचं चालू असतं: "हा जांभळा घ्या, ही हिरवी ओढणी, या बाईंचा मोरपंखी आला बघा." समोर दिसणाऱ्या गोष्टी मोठ्याने सांगायची काय हौस! मी हसून तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "झाकली मूठ असते गं काही घरांची." बहुतेक रंगांच्या कृतीबद्दल म्हणत असाव्यात. उद्या त्या बहिणीकडे जाणार आहेत, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मंगळवारी येतील.

सोमवार, ११

आज पडद्याचे पहिले सहा पट्टे. दोन्ही कढयांत तीन-तीन. सासूबाई नाहीत म्हणून हाताशी मी. कढईपासून चार पावलांवर, पण आत!

पहिलं गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं तेव्हा बाबांची काठी थांबली. त्यांनी विचारलं, हे कुठलं? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की आता तेच तेच परत लागणार नाही, मी सगळं साफ केलंय. मग त्यांनी विचारलं, जुना फोन आहे का. दिला, म्हटलं. "बरं," एवढंच म्हणाले. कापड कढईत पडलेलं, रंग विरघळलेला, थांबता येत नव्हतं. ते ढवळत राहिले, पण मध्येच काठी जोरात, मध्येच हळू. एकेक पट्टा कधी बाहेर काढायचा तेही जणू ठरत नव्हतं. इतके घामाघूम झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मला तर एक पट्टा फिकट वाटला. तसं म्हटलं. बाबांनी तो खिडकीपाशी नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाले, "ओला आहे. सुकल्यावर गडद होईल." मला आजवर उलटंच वाटायचं, की ओलं कापड गडद दिसतं आणि सुकलं की उतरतं. पण चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे माझं काय! आज नवं शिकले, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

मंगळवार, १२

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

सहा पट्टे सुकले आणि सहा लाल झाले. एक विटेसारखा, एक काळपट, एकावर डाग, बाकीचे तिघे आपापल्या वाटेने. एकही गडद झाला नाही, उलट सगळे उतरले. सासूबाई पिशवी खांद्यावर असतानाच दोऱ्यांपाशी आल्या आणि तिथल्या पायरीवर मटकन बसल्या. मग त्या आणि बाबा आतल्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, तरी "मी नव्हते ना इथे" असं सासूबाई म्हणाल्याचं मला ऐकू आलं. त्या असत्या तर काय वेगळं होणार होतं, कोण जाणे. बाहेर येऊन बाबा नवऱ्याला म्हणाले, व्यवस्थापकांना फोन लाव, काम परत देऊ.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्यामुळे झालंय ना, मग मला सांगा तरी काय झालंय.

तेव्हा कळलं. माझे कान गरम झाले, अजून आहेत.

बाबा गाणी ऐकायला लावत नाहीत. गाण्यांनी रंगवतात. त्यांच्या गुरूंच्या कढईपाशी एक बाई गायची, तिच्या गाण्यांवर ते शिकले. पुढे कॅसेटी आल्या. पत्राचं गाणं तीनदा, तोवर कापड हळू ढवळायचं, रंग आत मुरतो. मग खरखर. ती चार मिनिटं कापड बाहेर काढून वाऱ्यावर धरायचं. टापांचं गाणं अर्ध्यात तुटतं तिथे मिठाचा दुसरा हप्ता. नावेचं दोनदा, लांब लांब हात. हसणारी बाई चारदा, भरभर, म्हणजे डाग राहत नाही. साडेनऊ गाण्यांचा लाल. निळा साडेसहाचा, आणि असे सगळे. मी घड्याळाचं विचारलं. ते म्हणाले, घड्याळ वेळ सांगतं, हात किती वेगाने हलवायचा ते सांगत नाही.

आणि मी ते सगळं स्वच्छ करून टाकलं. चित्रांसकट.

मी नवऱ्याला फोन लावू दिला नाही. म्हटलं, तीन दिवस द्या मला. काम परत देऊ नका. बाबा म्हणाले, "तुला यादी करता येते. पण ही यादी मला तोंडाने सांगता नाही येत गं. निळ्या-लालची ढोबळ गोष्ट सांगितली, बारकावे हातात आहेत." मग स्वतःच उठले आणि कढई घासायला घेतली.

बुधवार, १३

मिळाली! फोनमध्ये कचरापेटी असते आणि काढलेलं तीस दिवस त्यात राहतं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट, खरखरीसकट, अर्ध्या गाण्यांसकट. सकाळी आठ वाजता मी जिन्यावरून ओरडत खाली आले, सासूबाईंच्या हातातलं दूध सांडलं.

पण क्रम गेला. मी सगळ्यांची नावं बदलून बसले होते ना. मग बाबांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कढईत नुसतं पाणी तापवलं. रंग नाही, मीठ नाही, एक जुनी चादर टाकली आणि काठी हातात घेतली. "लाव," म्हणाले. मी एकेक गाणं लावायचे. हात दोन फेरे फिरायचा आणि ते म्हणायचे, नाही. नाही. पुढचं. आणि मग एकदम हात सैल व्हायचा आणि म्हणायचे, हं, हेच. मी नंबर टाकायचे. शून्य एक, शून्य दोन. तोंडाला आठवत नव्हतं ते मनगटाला आठवत होतं.

दुपारी ते दमले आणि मला म्हणाले, ये इकडे, तू धर काठी. मी धरली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि नावेच्या गाण्यावर एक लांब फेरा घेतला. नुसत्या पाण्यात, जुन्या चादरीवर, पण मी कढईवर उभी होते.

ते म्हणाले, "आता असंच करू. तू बघ, मी ऐकतो." मला हसू आलं, ते हसले नाहीत.

शुक्रवार, १५

लाल पूर्ण, निळा पूर्ण, पिवळा होतोय. प्रत्येक रंगाचा एक फोल्डर, फायलींना फक्त नंबर. आणि या वेळी फोनवर, नवऱ्याच्या फोनवर, एका नव्या कार्डावर आणि फोटोवाल्याच्या संगणकावर अशा चार प्रती. एकदा दुधाने पोळलं की ताकही फुंकून प्यावं. नवरा म्हणाला, या घरात चोरी झाली तर चोर गाणी घेऊन जाईल.

सहाही बिघडलेल्या पट्ट्यांचा रंग उतरवला. उकळत्या पाण्यात त्यांचं फिकट गुलाबी तोंड दिसलं तेव्हा त्यांची माफी मागावीशी वाटली.

मंगळवार, १९

दोन दिवसांत अठरा पट्टे! काठी माझ्या हातात, बाबा स्टुलावर, डोळे मिटून. माझा हात गाण्याच्या मागे पडला की पाण्याच्या आवाजावरून त्यांना कळतं आणि ते स्टुलावर बोटाने टकटक करतात. दंड असे भरून आलेत की वेणी घालता येत नाही. सासूबाईंनी घातली.

पट्टे सुकले की माझी तोंडी परीक्षा असते. बाबा म्हणतात, सहावा आणि नववा शेजारी धर, काय दिसतं सांग. कडेला काय? घडीत काय? उन्हात ने, आता सांग. मी बघून बघून सांगते. काल एकदा मी न बघताच "सारखे आहेत" म्हटलं, तर सासूबाईच रागावल्या: "नीट बघून सांग, त्यांना तुझ्यावरच ठरवायचंय." इतकी कडक परीक्षा वाचनालयातसुद्धा नव्हती. पण मी पास होतेय. बारावा पट्टा किंचित उतरलेला मला ओळखू आला, हसणाऱ्या बाईच्या चौथ्या फेरीला मी शिंकले होते. बाबांनी लगेच तो परत कढईत टाकायला सांगितला. माझा शब्द लागलीच मानला, शहानिशा न करता. माझी छाती फुगली होती.

गुरुवार, २१

चोवीस. शिंप्यांनी शिवून नेलेसुद्धा. उद्या लावणार.

शुक्रवार, २२

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

सकाळी आम्ही चौघं नाट्यगृहात गेलो. पडदा वर चढवायला त्यांना तासभर लागला. मग व्यवस्थापकांनी सगळे दिवे लावले, वरचे, बाजूचे, खालचे. ते रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालत गेले, दर शिवणीपाशी वाकून बघितलं. नवऱ्याने माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली. शेवटी व्यवस्थापक वळून म्हणाले की शिवणी कुठे आहेत तेच त्यांना शोधावं लागतंय, आणि सोमवारी कपडेपटातला पहिला गठ्ठा पाठवतो. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवरा आणि त्या व्यवस्थापकांबरोबर कागदांवर सह्या करायला आत गेले.

बाबा तिसऱ्या रांगेत बसून राहिले होते. मी नाचतच गेले आणि शेजारी बसले. म्हटलं, बघितलंत ना, एकसारखा, एकही वेगळा नाही.

ते म्हणाले, "एकसारखा आहे ते ऐकलं मी. तू मला सांग, लाल आहे का?"

मला वाटलं परीक्षाच आहे. मी हसले. मग त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याच्या दिशेने बघत होते, पण जरा बाजूला, जिथे नुसती भिंत होती.

"दोन वर्षं झाली मला लाल दिसून," ते म्हणाले. "आधी लाल गेला, मग हिरवा. आता सगळं राखेसारखं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. रंग न दिसणाऱ्या रंगाऱ्याला कोण कापड देईल? म्हणून तुझी सासू आणि मी कुणाला बोललो नाही. मुलालाही नाही, तो दुकान बंद करायला लावेल म्हणून. आज जेवताना सांगणार आहे. पण आधी तू सांग. चाळीस वर्षांत एवढा मोठा लाल मी कधी केला नव्हता."

चौदा महिने मी या माणसाच्या घरात राहतेय. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. लाज वाटली आणि त्याहून जास्त माया दाटून आली. पण त्यांनी विचारलं होतं. मी डोळे पुसले आणि नीट बघितलं.

लाल आहे, बाबा, म्हटलं. वरच्या बाजूला, जिथे दिवा थेट पडतो, तिथे पिकलेल्या डाळिंबासारखा. घडी पडते तिथे गडद होत जातो, अगदी आत काळा वाटतो, पण काळा नाही, मध्ये बोट घातलं तर ऊब लागेल असा लाल आहे. खाली जमिनीजवळ थोडा शांत. कुणीतरी मागून चाललं की सगळा हलतो आणि उजेड वरून खाली सरकत येतो. ते विचारत गेले, आणि मी सांगत गेले. डावीकडची कड कशी आहे? मधली? चुणीच्या तोंडाशी?

तेवढ्यात व्यवस्थापक आले आणि दिवे घालवू का म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आमचा पडदा अजून बघून झालेला नाही.